सांधा तोच, हात दुसरा

बाय, तुझी कोळीण झकास उतरली आहे. कमरेवरचा हात, नाकातली नथ, भाव सांगताना वर गेलेली भुवई, सगळं अलिबागच्या मासळी बाजारातलं. पण तिला हलवायला बसलीस की रडशील. नऊ तोंडं काढलीस ती नऊ मापांत, हात काढलेस ते मनगटापाशी कुठेही तुटलेले, आणि लेअरची नावं बघितली तर ‘नवीन’, ‘नवीन खरं’, ‘हेच घ्यायचं’. चित्रांची अदलाबदल टाइमलाइनवर करायची असते असं तुम्हा पोरांना वाटतं. तिचा निकाल चित्र काढायला बसतानाच लागलेला असतो.

आधी एकदा पेणला जाऊन ये. हमरापूर, जोहे, कळवे, जिथे जमेल तिथल्या गणपतीच्या कारखान्यात शीर, पण सणाच्या तोंडावर नको, तेव्हा कुणाला बोलायलाही सवड नसते. तिथे धडाचा साचा एक असतो. हात वेगळे काढून मागून जोडतात, मुकुट नाहीतर फेटा गिऱ्हाईक सांगेल तसा. एकाच बैठकीतून किती गणपती निघतात ते मोज. बघायचा तो खांद्याचा जोड. हात कुठलाही असो, तो बसायची जागा ठरलेली. आणि डोळ्यांची आखणी मात्र साच्यावर सोडलेली नसते, ती करणारा हात वेगळा आणि मानाचा. तुझ्या कामाची वाटणीही तशीच कर: काय बदलत राहणार, काय कायम राहणार आणि कशाला दर वेळी स्वतःचा हात लावायचा, हे आधी ठरव.

जोडासाठी युक्ती सांगतो. मनगटावर एक वर्तुळ काढ. कोपरापासून येणारा हात त्या वर्तुळात संपला पाहिजे आणि प्रत्येक पंजा त्याच वर्तुळातून सुरू झाला पाहिजे. पिव्हट वर्तुळाच्या बरोबर मध्यात. मग पंजा उघडा असो, मूठ असो की बोट दाखवणारा, मनगट कितीही वळलं तरी फट दिसणार नाही. मान, कोपर, गुडघा, सगळीकडे हेच. तोंडांना वर्तुळ नाही, तिथे नाकाच्या शेंड्याची आणि हनुवटीची खूण एका वेगळ्या लेअरवर ठेवायची, तो लेअर कुलूपबंद करायचा आणि सगळी तोंडं त्याच खुणांवर काढायची. आम्ही सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर, काम करायचो तेव्हा कागदाला भोकं पाडून ते पेगवर बसवायचो. एक चित्र काढून दुसरं ठेवलं तरी ते केसभर हलायचं नाही. पेग गेले, पण ती गरज गेली नाही. सेलचा एक फायदाही होता. चार-पाच थर झाले की रंग मळकट दिसायला लागायचे, त्यामुळे माणूस थर जपून वापरायचा. आता थरांना पैसे पडत नाहीत, म्हणून तुझ्या कोळणीच्या नथीलाच तीन लेअर आहेत.

सॉफ्टवेअर कुठलं, यावर वाद घालणाऱ्यांकडे बसू नकोस. मोहोमध्ये याला स्विच लेअर म्हणतात: एका फोल्डरमध्ये सगळी तोंडं, दिसतं एका वेळी एकच. टून बूम हार्मनीत एकाच ड्रॉइंग लेअरमध्ये पर्यायी चित्रं असतात. अॅनिमेटमध्ये ग्राफिक सिम्बॉलच्या आत फ्रेमवार चित्रं ठेवून हवी ती फ्रेम निवडायची. स्पाइनमध्ये स्लॉट आणि स्किन. आफ्टर इफेक्ट्समध्ये तोंडांची वेगळी कॉम्प करून टाइम रीमॅप लावतात, पण तिथे कीफ्रेम ‘होल्ड’ करायला विसरलीस तर ‘आ’वरून ‘ऊ’वर जाताना मधली सगळी तोंडं फडफडत जातील आणि कोळणीला झटका आल्यासारखं दिसेल. खऱ्या बाहुल्या हलवणारी माणसंही याच वाटेने गेली आहेत. 1993च्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’मध्ये जॅक या बाहुल्याची चारशेच्या आसपास डोकी बनवली होती, बोलताना एक काढून दुसरं बसवायला. 2009च्या ‘कोरालाइन’साठी चेहरे थ्रीडी प्रिंटरवर छापले. तुला यातलं काही विकत आणायचं नाही, फक्त फोल्डर नीट लावायचं आहे.

आता हिशेब. नऊ तोंडं, तीन कोनांतून, म्हणजे सत्तावीस चित्रं. त्यात हसरी, रागीट आणि साधी असे तीन भाव घातलेस की एक्क्याऐंशी. तू हेच करायला निघाली होतीस. तसं करू नकोस. भाव तोंडात कमी आणि भुवयांत, पापण्यांत जास्त असतो. नऊ तोंडं, चार भुवया, पाच पापण्या असे तीन स्वतंत्र स्विच ठेव. एका कोनाच्या अठरा चित्रांत एकशे ऐंशी चेहरे मिळतात. रागाचं खास तोंड लागलंच तर त्या एका दृश्यापुरतं काढ.

तोंडांचा तक्ता परदेशी जालावरून उतरवू नकोस. पापागायो या ओठ-जुळणीच्या सॉफ्टवेअरमधला दहा तोंडांचा तक्ता चांगला आहे, पण तो इंग्रजीसाठी केलेला. आपल्याला तक्ता शोधायला जायलाच नको, बालवाडीतच तो पाठ केलाय. वर्णमाला उच्चाराच्या जागेनुसारच लावलेली आहे. क-वर्ग घशाजवळचा, बाहेरून काही दिसत नाही, त्याला वेगळं तोंड नको. ट-वर्गात जीभ आत वर वळते, तीही दिसत नाही. त-वर्गात जीभ दातांना लागते, ती थोडी दिसते, ‘ल’ही त्यातच चालवून घे. प-वर्गात ओठ मिटतात आणि हे चुकलं की बघणाऱ्याला लगेच कळतं. तेव्हा नऊ तोंडं अशी: मिटलेलं, खालचा ओठ वरच्या दातांकडे नेणारं ‘व’चं, जिभेचं, आणि अ, आ, ई, ए, ओ, ऊ. क, ट, च, स, ह यांना पुढच्या स्वराचंच तोंड पुरतं. ‘फ’चं मात्र तुझ्या आवाज देणाऱ्या बाईला ऐकून ठरव. जुन्या बायका ‘फणस’ म्हणताना ओठ मिटतात, तुमच्या पिढीचे दात ओठाला लागतात.

आणि अनुस्वार दिसला की तोंड मिटायचं, ही चूक बहुतेक सगळे करतात. अनुस्वार नाही, पुढचं अक्षर बघ. ‘कोलंबी’त पुढे ब आहे, म्हणून ओठ मिटतात. ‘मांदेली’त पुढे द, तिथे ओठ उघडेच. ‘बोंबील’ म्हणायला सर्वांत मजेदार: मिट, गोल ओ, पुन्हा मिट, मग ई आणि जीभ. ‘पापलेट’मध्ये दोनदा मिटतं. तुझी कोळीण दिवसभर मासळीचीच नावं घेणार, त्यामुळे एवढी चार नावं आरशासमोर म्हणून बघितलीस तरी अर्धा तक्ता हाताशी आला.

पण प्रत्येक अक्षराला तोंड देऊ नकोस. सेकंदाला चोवीस फ्रेम धर. एका तोंडाला दोन फ्रेम तरी मिळाल्या पाहिजेत, नाहीतर ते दिसत नाही, नुसतं थरथरतं. घाईत बोललेल्या शब्दातली मधली अक्षरं खुशाल गाळ, मिटलेलं तोंड गाळू नकोस. आणि तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी लाव. आधी उघडलेलं तोंड डोळ्याला खटकत नाही, उशिरा उघडलेलं खटकतं.

हाताचा पंजा बदलताना उलट रीत. तोंड ऐकू येतं तिथे बदलायचं, पंजा दिसत नाही तिथे. हात वर जाताना जिथे त्याचा वेग सर्वांत जास्त असेल ती फ्रेम शोध आणि तिथे मुठीचा उघडा पंजा कर. हात थांबल्यावर बदललास तर कापलेलं दिसतं. मान समोरून बाजूला वळवायची असेल तर पापणी मिट, दोन फ्रेम मिटलेली ठेव, त्याच वेळी डोकं बदल. कुणी विचारलंच तर कोळणीने डोळे मिचकावले म्हणून सांग.

कोळणीच्या हातातल्या कोयत्याचं मात्र एकदा स्वस्थ बसून कर, कारण घोटाळा तिथेच होतो. मूठ कोयत्याच्या मागेही असते आणि पुढेही. तळवा मागे, कोयता मध्ये, बोटं पुढे. म्हणजे ‘पकडलेला हात’ हे एक चित्र नाही, दोन आहेत आणि दोन वेगळ्या लेअरवर. एक बदललं आणि दुसरं राहिलं तर कोयत्याला सहा बोटांचा पंजा चिकटलेला दिसेल. त्यासाठी दोन्ही स्विच एकाच कंट्रोलला बांध. मोहोत स्मार्ट बोन एका वेळी दोन्ही हलवू शकतं. हार्मनीतही तसा कंट्रोलर लावता येतो. हाताने दोन ठिकाणी बदल करायचा म्हटलं की कधीतरी एक विसरतोच. पाटी, कोयता, पापलेट, जे काही ती हातात धरणार त्या सगळ्यांना हाच हात चालला पाहिजे, म्हणून वस्तूंच्या मुठीची जाडी सारखी काढ. खऱ्या पापलेटच्या शेपटीची जाडी कोयत्याच्या मुठीएवढी नसते हे मलाही ठाऊक आहे.

कपड्यांचं वेगळं. तोंड क्षणाक्षणाला बदलतं, लुगडं मालिकेच्या एका भागात एकदाच. ते एका फोल्डरमध्ये कोंबू नकोस. रोजचं, नारळी पौर्णिमेचं आणि पावसाळ्याचं असे तीन पूर्ण वेश कर, प्रत्येकात तुकडे तेवढेच आणि नावं तीच. रोजच्या वेशात ‘बाही-डावी’ असेल तर पावसाळी वेशात इरल्याखालीही ‘बाही-डावी’च हवी, ती दिसत नसली तरी रिकामी ठेव. नाव चुकलं की सॉफ्टवेअरला बाही सापडत नाही आणि ते बिचारं हातच गायब करतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, तेव्हा त्या भागांत कोळीण बाजारात ताजं पापलेट विकताना दाखवू नकोस म्हणजे झालं. सुक्या बोंबलाची पाटी दे.

फाइलींची नावं रोमन लिपीत ठेव आणि आकडे 01, 02 असे दे. नुसते 1, 2 दिलेस तर काही ठिकाणी 1च्या मागे 10 येऊन बसतो आणि सगळा क्रम बिघडतो. मूळ चित्र बदललं की जिथे जिथे ते वापरलंय तिथे बदलतं, हा फायदा आहे आणि धोकाही. आधीच्या भागात वापरलेलं तोंड सुधारायचं असेल तर त्याची प्रत काढून तीच सुधार. चित्रं पेनड्राइव्हवरून जोडू नकोस, प्रोजेक्टच्या फोल्डरात आण. आणि त्या फोल्डरच्या प्रती दोन गावी ठेव. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तुझी एक प्रत घरी रेवदंड्याला आणि एक मुंबईच्या मावशीकडे असू दे, दोन्ही रेवदंड्यालाच नकोत.

आता पूर्ण भागाला हात घालू नकोस. दहा-बारा सेकंदांचं एकच दृश्य कर. ती “बोंबील घ्या, कोलंबी घ्या” म्हणते, मान वळवते, पाटीतलं पापलेट उचलते आणि गिऱ्हाइकाच्या हातात देते. तोंड, पापणी, डोकं, मूठ, चारही स्विच त्यात येतात. आवाजासकट मला पाठव. इरलं त्यानंतर काढ.