कंटेनर थांबविणे आणि कंटेनर पुसणे

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने शाळेच्या संगणक कक्षात 'डॉकर' बसवून दिले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु ग्रंथालयाची सूची संगणकावर आणण्याचे काम आमच्याकडे असल्याने या आज्ञा शिकणे भाग पडले.

१९५६ साली माल्कम मॅक्लीन यांनी नेवार्कहून ह्यूस्टनला जहाजातून ५८ पेट्या पाठविल्या. माल उतरवून पुन्हा भरण्याऐवजी मालासह पेटीच उचलावयाची, ही त्यामागील कल्पना. २०१३ साली आलेल्या डॉकरने तीच कल्पना संगणकात रूढ केली : प्रणाली आणि तिला लागणारे सर्व साहित्य एकाच पेटीत.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. 'इमेज' हा विटेचा साचा. 'कंटेनर' ही त्यातून निघालेली वीट. 'डॉकर पुल' या आज्ञेने इमेज उतरते. 'डॉकर रन'ने तिच्यापासून नवा कंटेनर घडून सुरू होतो. 'वजा डी' जोडल्यास तो पडद्याआड चालतो, 'वजा वजा नेम'ने त्यास नाव मिळते. बिघाडाचे कारण 'डॉकर लॉग्ज' सांगते. 'डॉकर स्टॉप' कंटेनरला आवराआवरीसाठी सामान्यतः दहा सेकंद देते आणि मग सक्तीने बंद करते. आतील मजकूर मात्र शाबूत राहतो.

हे शेवटचे वाक्य आम्हांस ठाऊक नव्हते. नववीच्या मुली रोज सायंकाळच्या वंदनेनंतर पुस्तकांच्या नोंदी करीत. त्या कंटेनरच्याच आत एका फाइलीत साठत. एके दिवशी वीज गेली. ती आल्यावर आम्ही 'डॉकर पीएस' दिले, तर यादी रिकामी! वस्तुतः ही आज्ञा केवळ चालू कंटेनर दाखविते. थांबलेले पाहण्यास 'वजा ए' जोडावे लागते. कंटेनर नाहीसाच झाला असे समजून आम्ही पुन्हा 'रन' दिले. हे नाव आधीच वापरात आहे, असे उत्तर आले. तेव्हा 'डॉकर आरएम'ने जुने नाव मोकळे केले, आणि दोन महिन्यांच्या नोंदी त्यासोबत गेल्या. 'डॉकर स्टार्ट' एवढेच पुरेसे होते.

शेवटची नोंद करणाऱ्या मुलीस वाटले, बिघाड आपल्याच हातून झाला. दुसऱ्या दिवशी वंदनेनंतर आम्ही सर्वांसमोर चूक आमची असल्याचे सांगितले. मुलींनी पहिल्या पुस्तकापासून पुन्हा आरंभ केला.

आता 'डॉकर व्हॉल्यूम क्रिएट'ने स्वतंत्र कोठार केले आहे. 'रन' देताना 'वजा व्ही' लिहून पुढे कोठाराचे नाव, विसर्गासारखे दोन टिंब आणि कंटेनरमधील फोल्डरचा मार्ग द्यावा. मग कंटेनर पुसला तरी त्या फोल्डरमधील नोंदी कोठारात राहतात. 'डॉकर व्हॉल्यूम आरएम'ने मात्र वापरात नसलेले कोठारही कायमचे जाते. ती आज्ञा मुलींनी वहीत लाल शाईने लिहिली आहे.