पवनऊर्जा, गुंतवणूकदार आणि वाशिम जिल्हा

पवनचक्कीला इंधनाचा खर्च नसतो. जवळजवळ सर्व भांडवल उभारणीच्या वेळीच घालावे लागते आणि ते पुढील वीस-पंचवीस वर्षांत वसूल होते. म्हणूनच मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पाकडे वळणारा गुंतवणूकदार प्रथम शाश्वती शोधतो: वाऱ्याची, जमिनीची, वीजवाहिनीची आणि दराची.

या दृष्टीने सातारा जिल्ह्याचा अनुभव उद्बोधक आहे. वनकुसवडे व चाळकेवाडी येथील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यामागे जोरदार वारा होता, तशाच करसवलतीही होत्या. २००३ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने पहिल्या वर्षी प्रतियुनिट ३ रुपये ५० पैसे व पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, असा १३ वर्षांचा दर ठरविला. त्यामुळे बँकांना कर्जफेडीचा हिशेब मांडता आला. २०१७ मध्ये मात्र देशात पवनविजेसाठी स्पर्धात्मक निविदांचे पर्व सुरू झाले. पहिल्याच फेरीत दर ३ रुपये ४६ पैशांवर आला. साहजिकच उत्तम वाऱ्याच्या जागांना अधिक महत्त्व आले.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्याला सह्याद्रीच्या कड्यांचा लाभ नाही. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग सेकंदाला ५ मीटरवरून ६ मीटर झाला, तर ऊर्जा सुमारे पाऊणपट वाढते. याचाच अर्थ, अंदाजातील थोडी चूकही प्रकल्प तोट्यात नेऊ शकते. तेव्हा मनोरा उभारून किमान वर्षभर वाऱ्याचे मोजमाप करणे, ही पहिली पायरी होय.

दुसरी पायरी गावाच्या हाती आहे. सातबारा व वारसनोंदी अद्ययावत असाव्यात. अवजड पात्यांच्या वाहतुकीस योग्य रस्ता, उपकेंद्राचे अंतर आणि कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याचे क्षेत्र यांचा विचार आधीच व्हावा. पवनचक्क्यांमधील जमिनीवर पीक घेता येते. तथापि भाड्यातील वाढ, रस्तादुरुस्ती आणि मुदतीअंती यंत्रे हलविण्याची जबाबदारी करारात लेखी असलीच पाहिजे.

मोजमापात वारा अपुरा ठरला, तरी तो खर्च वाया जात नाही; शेतकऱ्याची जमीन निष्फळ करारात अडकण्यापासून वाचते. अशा गावांना २०२३ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चा पर्याय आहे. वारा असो वा ऊन, स्वच्छ कागदपत्रे व खरे आकडे ज्या गावापाशी असतील, त्याच गावाकडे भांडवल विश्वासाने येईल.