चमचाभर पिवळे औषध



आमचा बाळू तीन वर्षांचा झाला. त्याच्या लसीच्या कार्डावर जीवनसत्त्व 'अ'ची पाच घरे भरायला हवी होती. भरली आहेत चारच. गेल्या पावसाळ्यात अंगणवाडीत डोस होता, तेव्हा आमची भाताची लावणी चालू होती. आई खाचरात. आजी म्हणाली, "पोरगं ठणठणीत हाय, डोळं चांगलं हायेत, कशाला पाजायचं?" मलाही ते पटले. हे जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो, एवढेच मी पाठ केले होते.

पुढे बाळूला आठवडाभर हगवण लागली. डोस चुकला म्हणूनच लागली असे मी म्हणत नाही, पावसाळ्यात ती कुणालाही लागते. पण सिस्टर घरी आल्या तेव्हा त्यांनी आधी कार्ड मागितले. हगवणीचा आणि डोळ्यांच्या औषधाचा काय संबंध? मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितलेले व मी वाचलेले इथे लिहीत आहे.

आपल्या खाचराचा बांध चिखलाने लिंपलेला असतो तोवर पाणी ठरते. खेकड्यांनी बिळं पाडली की एका रात्रीत खाचर कोरडे. आपल्या नाकाला, घशाला, फुप्फुसांना आणि आतड्याला आतून असेच एक ओलसर अस्तर असते. जीवनसत्त्व 'अ' कमी पडले की हे अस्तर कोरडे व कडक होते, त्यावरचा चिकट द्रव कमी होतो आणि रोगजंतूंना वाट मिळते. डोळ्यांचेही तेच होते, फक्त डोळे बाहेरून दिसतात म्हणून आपल्याला तेवढेच कळते.

जंतू आत शिरलेच तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. त्यांतल्या 'बी' पेशी वाढून प्रतिपिंडे तयार करतात. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक जंतूला चिकटून त्याला निकामी करणारा पदार्थ. आता एकवीरा देवीची चैत्रातली यात्रा आठवा. पोलीस पुष्कळ येतात, पण कोणी पायऱ्यांवर उभे राहायचे आणि कोणी मळवली स्टेशनवर, हे सांगणारा लागतोच. शरीरात हे काम जीवनसत्त्व 'अ'पासून बनणारे रेटिनॉइक आम्ल करते. ते पेशीच्या केंद्रकात शिरते आणि तिने पुढे काय व्हायचे ते ठरवायला मदत करते. शास्त्रज्ञांनी २००४ व २००६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की, आतड्याकडे जाण्याची खूण पेशींना याच आम्लामुळे मिळते. आतड्यात जी खास प्रतिपिंडे पाझरतात, ती तयार व्हायलाही त्याची मदत लागते. सिस्टरनी कार्ड का मागितले ते मला इथे कळले.

ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली असे नाही. १९२८ साली ग्रीन आणि मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञांनी या जीवनसत्त्वाला संसर्गविरोधी म्हटले होते. १९३२ साली लंडनमध्ये डॉ. एलिसन यांनी गोवर झालेली ६०० मुले घेतली. ३०० जणांना जीवनसत्त्व 'अ' दिले, त्यांतली ११ दगावली. बाकीच्या ३०० पैकी २६ दगावली. गोवरात अंगातला 'अ'चा साठा झपाट्याने घटतो, म्हणून आजही गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर लागोपाठ दोन दिवस हे औषध देतात. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा लसीबरोबर याचेही डोस दिले गेले.

मात्र बांध धड असेल तर आणखी चिखल थापून काय होणार? उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१३ साली छापून आला. त्यात डोसामुळे मृत्यूंत फारसा फरक दिसला नाही. ज्या मुलात कमतरता आहे त्याला फायदा जास्त.

आता डोसाचे गणित. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर १ लाख एकक, म्हणजे अर्धा चमचा. दीड वर्षाच्या सुमारास २ लाख, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. नऊ डोस मिळून १७ लाख. हे औषध यकृतात साठते, म्हणून सहा महिने पुरते. साठते म्हणूनच जास्त झाले तर बाधते. आजीने विचारले, "चुकलेला डोस आता दोन चमचे देऊन भरता येईल का?" सिस्टर म्हणाल्या, मुळीच नाही. दोन डोसांत सहा महिने गेलेच पाहिजेत. गरोदर बाईला तर हे मोठे डोस देतच नाहीत.

रोजच्या ताटातूनही 'अ' मिळते. दूध, अंडी यांतून थेट मिळते. शेवग्याचा पाला, अळू, लाल भोपळा, गाजर, पपई, पिकलेला आंबा यांत कॅरोटीन असते, त्याचे शरीर 'अ' बनवते. भाजीला थोडे तेल हवे, नाहीतर ते अंगी लागत नाही. आमच्या परसात शेवगा आहे. आम्ही शेंगा खायचो आणि पाला शेळीला घालायचो!

परवा अंगणवाडीत डोस होता. बाळूला आजीच घेऊन गेली. औषध पाजताना त्याने तोंड वाकडे केले आणि थोडे आजीच्या पदरावर सांडले. पुढची तारीख तिने माझ्याकडून कॅलेंडरवर लिहून घेतली आहे.