मंदीच्या बाजारात घर विकताना




घर विकण्याचा प्रसंग सामान्य माणसाच्या आयुष्यात एक-दोनदाच येतो, आणि तो बहुधा गरजेपोटी येतो. कोणावर बँकेचे कर्ज असते, कोणाला वारसांचे हिस्से द्यायचे असतात, कोणाचे सारे कुटुंब मुंब्र्याला किंवा आखाती देशात स्थिरावलेले असते आणि गावचे घर कुलूपबंद पडलेले असते. बाजार तेजीत असेल तर व्यवहार लवकर उरकतो. बाजार मंद असला की मात्र महिन्यांमागून महिने जातात, खर्च वाढत राहतो, आणि मनात शैतान कुजबुजू लागतो की थोडे लपवले, थोडे खोटे बोलले तर काय बिघडले?

ह. उमर (रजि.) यांचे असे म्हणणे होते की, ज्याला दीनची समज आहे त्यानेच आमच्या बाजारात विक्री करावी. नमाज-रोजाचे मसाइल आपण बालपणी शिकतो, खरेदी-विक्रीचे मात्र अडचणीत सापडल्यावर विचारतो. म्हणून या पाठात आपण एकच गोष्ट समजून घेणार आहोत. मंदीत कमी खर्चात घर विकण्याचा जो मार्ग आहे, तोच शरीअतचाही मार्ग आहे. विक्रेत्याला महाग पडतो तो विलंब, आणि विलंबाचे मूळ बहुतेक वेळा हट्टात, लपवाछपवीत किंवा अपुऱ्या कागदांत असते.

भाव कोणाच्या हाती?

मदीनेत एकदा भाव वाढले, तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव ठरवून देण्याची विनंती केली. प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही. तंगी आणि विपुलता देणारा अल्लाहच आहे, आणि कोणाच्याही जीवित-वित्तावरील अन्यायाचा दावा माझ्यावर नसावा अशा स्थितीत मला अल्लाहला भेटायचे आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ही हदीस ह. अनस (रजि.) यांच्याकडून अबू दाऊद आणि तिर्मिजी यांत आली आहे. भाव चढणे जसे अल्लाहच्या हाती, तसे उतरणेही. तेव्हा पाच वर्षांपूर्वी शेजारच्या घराला मिळालेली किंमत हा आपला हक्क आहे, असे समजू नये.

किंमत ठरवताना अंदाजावर विसंबू नका. आपल्या परिसरात अलीकडे प्रत्यक्ष नोंदले गेलेले व्यवहार कोणत्या किमतीचे आहेत, हे नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक २ वरून कळते. शासनाचा रेडी रेकनर दर हा मुद्रांक शुल्कासाठी असतो. त्यालाच बाजारभाव समजणे ही चूक आहे.

आता एक हिशेब करून पाहा. समजा, घराला आज २४ लाख मिळू शकतात, पण आपण २७ लाखांवर अडून बसलो. घरावर ८ लाखांचे कर्ज शिल्लक आहे आणि व्याज वर्षाला ९ टक्के आहे. म्हणजे मुद्दल तेवढेच धरले तर दरमहा ६,००० रुपये व्याज. सोसायटीची देखभाल वर्गणी दरमहा २,००० रुपये. दीड वर्ष थांबलो तर १,४४,००० रुपये खर्च झाले, घरपट्टी वेगळीच. आणि दीड वर्षाने मिळाले पुन्हा २४ लाखच, तर पदरात काय पडले? पैशाचे नुकसान तर झालेच, पण त्याहून मोठे नुकसान असे की व्याजाच्या ज्या ओझ्यातून आज सुटता आले असते ते आपण स्वतःहून आणखी दीड वर्ष वाहिले. रिबाबाबत कुरआनचा इशारा ज्याला ठाऊक आहे, त्याने हा हिशेब दोनदा करावा.

याचा अर्थ मिळेल त्या किमतीला घर फुंकून टाकावे असा नाही. रास्त किंमत मागणे हा आपला हक्क आहे. सूरह निसाच्या २९ व्या आयतीत परस्परसंमतीने होणाऱ्या व्यापाराला मान्यता दिली आहे, आणि संमती दोन्ही बाजूंची असते. मात्र नसलेला गिऱ्हाईक उभा करणे, "कालच एक जण २८ लाख सांगून गेला" असे खोटेच म्हणणे, ओळखीच्या माणसाकडून खोटी बोली लावून घेणे, हे सारे हराम आहे. यालाच हदीसमध्ये नज्श म्हटले असून प्रेषितांनी (स.) त्यास मनाई केली आहे. खोटी शपथ घेऊन माल खपवणाऱ्याकडे अल्लाह कयामतच्या दिवशी पाहणार नाही, असे सहीह मुस्लिममधील हदीस सांगते.

ओले धान्य आणि ओली भिंत

प्रेषित (स.) एकदा धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले. त्यावर, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे विचारून प्रेषितांनी (स.) फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. लक्षात घ्या, पावसाने धान्य भिजणे हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. ओले धान्य खाली दडवणे हा गुन्हा होता.

कोकणातील आपल्या बांधवांना हे उदाहरण सहज पटेल. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, ते कित्येक घरांच्या तळमजल्यात खिडकीच्याही वर गेले. अशा घराची भिंत आज रंगवून कोरीठाक दिसू शकते. पण पाणी कोठवर आले होते, हे खरेदीदाराला सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे. छत गळते, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात आटते, वाटेबद्दल शेजाऱ्याशी वाद आहे, बांधकामाचा काही भाग विनापरवाना आहे, याही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. दोष सांगितल्याशिवाय दोषी वस्तू विकणे मुसलमानास हलाल नाही, अशी हदीस ह. उकबा बिन आमिर (रजि.) यांच्याकडून इब्ने माजामध्ये आहे. दोष लपवून विकले आणि नंतर तो उघड झाला, तर फिक्हनुसार खरेदीदाराला व्यवहार रद्द करण्याचा अधिकार मिळतो. देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. साध्या काळजीने लक्षात न येणारे महत्त्वाचे दोष विक्रेत्याने सांगितले पाहिजेत, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ म्हणते.

म्हणून विक्रीपूर्वी खर्च करायचाच असेल तर दोष झाकण्यावर नव्हे, दोष काढण्यावर करा. फुटलेली कौले बदला, गळका नळ आणि न लागणारे दार दुरुस्त करा, घर झाडून-पुसून अंगण स्वच्छ करा, साधा चुना किंवा पांढरा रंग द्या. एवढे पुरेसे आहे. मंदीत महागडी सजावट केली तर तो पैसा किमतीतून परत येईल याची खात्री नसते. जे दुरुस्त करणे परवडत नाही ते स्पष्ट सांगून तेवढी किंमत कमी करा. ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आलेल्या हदीसचा आशय असा की, दोघे खरे बोलले आणि त्यांनी सारे उघड केले तर त्यांच्या सौद्यात बरकत येते, आणि लपवले व खोटे बोलले तर बरकत पुसली जाते.

आधी शेजाऱ्याला विचारा

घरविक्रीसंबंधी एक अत्यंत बोधप्रद प्रसंग सहीह बुखारीत आहे. प्रेषितांचे (स.) मुक्त केलेले गुलाम ह. अबू राफे (रजि.) यांच्या दोन खोल्या ह. साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात होत्या. त्या विकत घ्या, असे ते ह. साद (रजि.) यांना म्हणाले. ह. साद (रजि.) तयार नव्हते. तेथे असलेले ह. मिसवर बिन मखरमा (रजि.) यांनी आग्रह धरला, तेव्हा ते म्हणाले की ४,००० दिरहमपेक्षा अधिक देणार नाही, आणि तेही हप्त्यांनी. अबू राफे (रजि.) यांना दुसरीकडे रोख ५०० दीनार मिळत होते. त्या काळी एक दीनार साधारण दहा दिरहमचा धरत, म्हणजे ती रक्कम ५,००० दिरहमच्या आसपास होते. तरीही त्यांनी खोल्या सादांनाच (रजि.) दिल्या. कारण त्यांनी सांगितले ते एवढेच की, निकटतेमुळे शेजाऱ्याचा हक्क अधिक असतो, असे मी प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे.

या हक्कास शुफआ म्हणतात. शाफई मसलकात तो सहमालकापुरता आहे, हनफी मसलकात लगतच्या शेजाऱ्यालाही आहे, आणि त्यात मुस्लिम व बिगरमुस्लिम असा भेद हनफी फुकहा करीत नाहीत. मसलक कोणताही असो, घर बाजारात ठेवण्याआधी भाऊबंदांना आणि शेजाऱ्याला विचारणे ही सुन्नतला शोभणारी रीत आहे. त्यात व्यवहाराचीही सोय आहे. शेजाऱ्याला घराचे गुणदोष आधीच ठाऊक असतात, जाहिरातीचा खर्च नसतो, आणि दलालाची गरज पडेलच असे नाही. २४ लाखांवर दोन टक्के दलाली धरली तर ४८,००० रुपये होतात. तेवढी सवलत शेजाऱ्याला दिली तरी आपले काही जात नाही.

दलालाकडे जावे लागले तर त्यात वावगे काही नाही. दलालाच्या मेहनतान्यात इब्ने सीरीन, अता आणि हसन बसरी (रह.) यांच्यासारख्या ताबिईंनी हरकत पाहिली नाही. फक्त रक्कम आधी ठरवा आणि ती दोन्ही पक्षांना ठाऊक असू द्या.

हप्ते आणि इसार

मंदीत खरेदीदार असतो, पण त्याच्या हाती एकरकमी पैसा नसतो. हप्त्यांनी विकणे जायज आहे. रोखीपेक्षा हप्त्यांची किंमत थोडी अधिक ठेवली तरी चालते, मात्र करार होताना एकच किंमत निश्चित झाली पाहिजे. नंतर हप्ता चुकला म्हणून रक्कम वाढवली तर ते व्याज ठरते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीनुसार सारे लिहून घ्या, साक्षीदार ठेवा, हमीदार घ्या, आणि कोणी खरोखर अडचणीत आला तर २८० व्या आयतीप्रमाणे त्याला मुदत द्या.

इसाराच्या रकमेबाबतही जपून राहा. खरेदीदाराने माघार घेतली म्हणून त्याचा इसार गिळून टाकणे हनफी, मालिकी व शाफई फुकहांच्या मते योग्य नाही. हंबली मसलकात त्यास परवानगी आहे. पण जो मुसलमान पश्चात्ताप झालेल्या माणसाचा सौदा परत घेतो, त्याच्या चुका अल्लाह माफ करील, ही अबू दाऊदमधील शुभवार्ता कोणत्याही इसारापेक्षा मोठी नाही काय?

बहिणीची सही, बहिणीचा हिस्सा

मंदीत आलेला एकुलता एक गिऱ्हाईक कागद अपुरे पाहून परत जातो, ही सर्वांत महागडी चूक. मूळ खरेदीखत, सूची क्रमांक २, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, घरपट्टीची पावती, सोसायटीचे ना-हरकत पत्र आणि कर्ज असल्यास बँकेचे थकबाकीचे पत्र आधीच एका पिशवीत तयार ठेवा.

घर वडिलोपार्जित असेल तर त्याहूनही आधी वारसांचा प्रश्न सोडवा. समजा, वडिलांच्या मागे आई, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. कर्ज व वसीयत काही शिल्लक नाही, आणि घर २४ लाखांना गेले. आईचा आठवा हिस्सा ३ लाख. उरलेल्या २१ लाखांपैकी मुलाचे साडेदहा लाख आणि प्रत्येक मुलीचे सव्वापाच लाख. हा हिस्सा सूरह निसामध्ये अल्लाहने ठरवला आहे. बाजार मंद आहे, पैसे कमी आले, तिच्या लग्नात खर्च झाला होता, अशा सबबींनी तो कमी होत नाही. माहेर तुटेल या भीतीने बहिणीने हक्कसोडपत्रावर केलेली सही तिची खुशी नव्हे. तिचा हिस्सा तिच्या हाती द्या. त्यानंतर तिला काही परत द्यावेसे वाटले तर तो तिचा निर्णय.

किंमत दस्तात जेवढी, तेवढीच प्रत्यक्षात असावी. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय दस्तात कमी किंमत लिहिणे म्हणजे साक्षीदारांदेखत खोटे लिहिणे आहे.

पैसे आल्यानंतर

ज्याने घर विकले आणि त्याची किंमत तशाच वस्तूत गुंतवली नाही, त्याला त्यात बरकत मिळत नाही, अशा आशयाची हदीस इब्ने माजामध्ये आहे. तिच्या सनदीबद्दल मुहद्दिसांनी चर्चा केली आहे, तरी तिच्यातील शहाणपण अनुभवास येते. घराचा पैसा सुटा झाला की लग्नाच्या मांडवात आणि गाडीच्या चाकाखाली केव्हा संपतो ते कळत नाही. म्हणून आधी कर्ज फेडा, वारसांचे हिस्से द्या, आणि उरलेल्यातून लहान का होईना, छप्पर किंवा जमीन घेण्याचा विचार करा. राहते घर विकून ठराविक मुदतीत दुसरे घर घेतल्यास भांडवली नफ्यावरील करातही सवलत मिळते. त्यासाठी सौद्याआधीच जाणकार कर सल्लागाराला विचारा.

विकताना, घेताना आणि आपले येणे मागताना जो उदारपणे वागतो, त्याच्यावर अल्लाह दया करो, अशी दुआ प्रेषितांनी (स.) केली आहे. आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना आपण त्या दुआचे हक्कदार असावे. अल्लाह आपल्या व्यवहारांत खरेपणा आणि कमाईत बरकत देवो. आमीन.