औषधाची चिठ्ठी हातात पडली की…

बाळा, तुझ्या बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आता कायमच्या. महिन्याचा हा खर्च तुझ्याच पगारातून जायचा, म्हणून मावशीचं एवढं ऐकून ठेव.

१. घरी आल्यावर स्ट्रिप उजेडात धर. ब्रँडच्या नावाजवळच ‘मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ’, ‘टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ’ असं लिहिलेलं असतं, ते वहीत उतरव — मेडिकलवाला ‘कंटेंट’ म्हणतो तो हाच, स्वस्त गोळी याच नावानं मागायची. पुढं ‘एसआर’ असेल तर तेही लिही — ती गोळी अंगात हळूहळू विरघळायची असते, साधी तिची जागा घेत नाही. नावाला भुललं, ते पगाराला मुकलं!

२. दवाखान्यात कितीही गर्दी असू दे, उठायच्या आधी विचारच, “डॉक्टरसाहेब, हे जेनेरिकमध्ये घेतलं तर चालेल का?” — खर्च झेपत नाही हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार? फिटच्या, थायरॉइडच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्यांची कंपनी मात्र त्यांना न विचारता बदलू नकोस — तिथं जरासा फरकही बाधतो.

३. जनऔषधी केंद्रात बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. निघायच्या आधी ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर किंमत बघ आणि केंद्रावर फोन कर — माल संपलेला असला की हेलपाटा होतो.

४. गावी असलात तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठ. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्याही तिथं मिळतात. विष्णुपुरीचं किंवा लातूरचं मेडिकल कॉलेज वेगळ्या खात्याचं, तिथं काय लागेल ते खिडकीवर विचारून घे.

५. छापील किमतीत कर धरलेलाच असतो, वर काही द्यायचं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनी बिलं काढून ताडून बघ. ‘२० टक्के सूट’ वाचून हुरळू नकोस — जेनेरिकवर किंमतच फुगवून छापलेली असू शकते. पाटी सूट सांगते, पाकीट खरं सांगतं.

६. नवीन गोळी आधी आठवड्याचीच घे — मानवली नाही तर बाकीची वाया जाते. कात्रीनं स्ट्रिप कापताना एक्सपायरीचा तुकडा दुकानातच राहतो, म्हणून बिलावर बॅच नंबर आणि तारीख बघून घे.

७. शुगर नॉर्मल आली म्हणून गोळी बंद नको, पैसे वाचवायला अर्धीही नको — नॉर्मल आली ती गोळीमुळेच. हात फारच तंग असेल तर सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेव आणि यातलं काय कमी करता येईल ते त्यांनाच ठरवू दे. बाबांनाही सोबत ने, कुठली गोळी ते परस्पर टाळतात हे त्यांच्याच तोंडून कळेल.