लॅपटॉपच्या खराब फाइली कशा दुरुस्त करतात?

आमच्या शाळेचा लॅपटॉप विंडोजवर चालतो. विंडोजच्या हजारो फाइली असतात. अपडेट चालू असताना बॅटरी संपली तर एखादी फाइल अर्धवट राहते. मग लॅपटॉप मध्येच बंद पडतो.

आमचाही तसाच बिघडला. त्यात सहलीचे फोटो होते. मोठी माणसं म्हणाली, सगळं पुसावं लागेल. पण बाईंनी आधी दुरुस्ती करून पाहिली.

कृती :
१) फोटो पेनड्राइव्हवर घेतले. चार्जर लावला.
२) कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडली.
३) 'डिसम'ची 'रिस्टोअर हेल्थ' ही आज्ञा दिली. ती इंटरनेटवरून चांगल्या फाइली आणून विंडोजचा साठा नीट करते.
४) मग 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा दिली. आपण शुद्धलेखन पुस्तकाशी ताडून बघतो ना, तशी ती विंडोजच्या फाइली साठ्यातल्या प्रतींशी ताडते आणि खराब फाइल बदलते.
५) १०० टक्के होईपर्यंत थांबलो. नंतर लॅपटॉप पुन्हा सुरू केला. तो नीट चालला!

पण लक्षात ठेवा, आपल्या फोटोंची प्रत विंडोजच्या त्या साठ्यात नसते. ती आपणच जपून ठेवावी.