उलटा कोरलेला नकाशा

नकाशात उत्तर दिशा वर असते, हे आपण भूगोलाच्या आरंभीच शिकतो. परंतु इ. स. १६७७ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरी छापलेला न्यू इंग्लंड प्रांताचा नकाशा हाती घेतला, तर आपण गोंधळून जाऊ. त्यात पश्चिम वर आहे आणि उत्तर उजव्या हाताला! समुद्र तळाशी आहे. इंग्लंडहून गलबताने येणाऱ्या माणसाला किनारा जसा समोर दिसेल, तसाच तो कागदावर मांडलेला आहे.

उत्तर अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींत छापलेला हा पहिला नकाशा होय. तो जॉन फॉस्टर याने कोरला असे मानतात. बॉस्टनमधील पहिला छापखाना त्यानेच १६७५ साली काढला होता.

असा नकाशा लाकडी ठोकळ्यावर कोरीत. जी रेघ कागदावर उमटावयाची, ती तशीच ठेवून भोवतालचे लाकूड काढून टाकावयाचे. मग उंच राहिलेल्या रेघांना शाई लावून वर कागद दाबावयाचा. मात्र सारे कोरायचे उलटे! रबरी शिक्क्यावरील अक्षरे पाहा, म्हणजे हे ध्यानात येईल. डावीकडचा किनारा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. शिवाय कोरून काढलेले लाकूड काही पुन्हा भरून येत नाही.

हा नकाशा वाटसरूंसाठी नव्हता. १६७५ साली वाम्पानोआग लोकांचा नायक मेटाकॉम आणि इंग्रज वसाहतवाले यांच्यात घनघोर युद्ध पेटले. त्या युद्धाची हकीकत विल्यम हबर्ड नावाच्या धर्मोपदेशकाने लिहिली व तिला हा नकाशा जोडला. मूळ रहिवाशांनी ज्या इंग्रज गावांवर हल्ले केले, त्यांच्यापाशी आकडे घातले. पण त्याच युद्धात, डिसेंबर १६७५ मध्ये, इंग्रजांनी नॅरागॅन्सेट लोकांची तटबंदीची वस्ती जाळली. बायकामुलांसह शेकडो माणसे मेली. त्या दुःखाची खूण करण्याची सोय या आकड्यांत नव्हती. नकाशा काढणारा कोणत्या बाजूचा आहे, हे असे कळते.

तेच पुस्तक लंडनमध्ये निघाले तेव्हा ठोकळा नव्याने कोरला गेला. तेथील कारागिराला ते डोंगर कोठून ठाऊक असणार? 'व्हाइट हिल्स' म्हणजे पांढऱ्या डोंगरांचे त्याने 'वाइन हिल्स', म्हणजे मद्याचे डोंगर, करून टाकले!

पुढे तांब्याचे पत्रे प्रचारात आले. येथे रीत नेमकी उलट. रेघ टोकदार कोरणीने खोल खोदायची, तीत शाई भरायची, वरचा भाग स्वच्छ पुसायचा आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांखालून काढायचा. चूक झालीच, तर पत्रा मागून ठोकून तेवढा भाग सपाट करता येई व पुन्हा खोदता येई.

या कामात एबल ब्यूएल हा मोठा तरबेज होता. तारुण्यात त्याने हे कसब नोटांवरील किंमत वाढवण्यासाठी वापरले. त्याबद्दल त्याला डाग देण्याची शिक्षा झाली. परंतु १७८३ च्या तहाने अमेरिका स्वतंत्र झाली, तेव्हा १७८४ च्या मार्चमध्ये न्यू हेवन येथे नव्या राष्ट्राचा नकाशा याच ब्यूएलने प्रसिद्ध केला. अमेरिकन माणसाने स्वतः तयार करून तेथेच छापलेला असा तो पहिला. चार मोठे कागद जोडून तो भिंतीवर लावीत. भिंतीवरचे नकाशे धुराने काळवंडतात, फाटतात. त्याच्या आज केवळ सात प्रती ठाऊक आहेत.